तीन राखणदार आणि एक मुहूर्त

माणसानं वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, चारचौघांसमोर, छातीवर हात ठेवून "पाच मिनिटांत कळेल" असा शब्द कुणाला देऊ नये. मी दिला. त्यावेळी तो मला फार साधा शब्द वाटला होता. पुढं त्याच्यापायी माझ्या घरातला मिक्सर बंद राहिला, मेहुण्याची दुपारची झोप गेली आणि मला स्वतःच स्वतःला एक संमतीपत्र लिहून द्यावं लागलं. ते सगळं ओघानं येईलच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रेवण टेरी टॉवेल्समध्ये मी कॉम्प्युटर बघतो. 'बघतो' असंच म्हणावं लागतं, कारण सव्वीस वर्षांत माझ्या हुद्द्याला कुणी नाव दिलेलं नाही. तिथं काचेच्या एका खोलीत सर्व्हर नावाचं काळं कपाट आहे. ऑर्डरी, टॉवेलांची डिझाइनं, कुठला माल कुठवर आला, हे सगळं त्याच्या पोटात असतं आणि अमेरिकेतली गिऱ्हाइकं तिथं बसून ते बघतात. कपाट चालू असलं की मी कोण हे कुणाला आठवत नाही. बंद पडलं की मात्र शिपायापासून सगळ्यांना माझं पूर्ण नाव येतं.

श्रावणात ते तीन वेळा बंद पडलं. तिसऱ्या वेळी संगमेशशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण बोलणं शांत, आणि शांत माणसाची भीती जास्त वाटते. केबिनमध्ये आणखी चार जण बसले होते, ते उठून गेले असते तर बरं झालं असतं. "अण्णा," शेठ म्हणाले, "आपला सर्व्हर बंद आहे हे मला अमेरिकेतून कळतं. तेरा हजार किलोमीटरवरनं. तुम्ही पंधरा फुटांवर बसता." बंद पडू नये असं मी म्हणत नाही, यंत्र आहे, पडणारच, पण मला तुमच्याकडून कळायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पुण्याची एक कंपनी हे काम घ्यायला तयार आहे, आणि मला मग पॅकिंगमध्ये बघू. तिथं मी जन्मभर खोक्यांवर चिकटपट्टी लावून घेत बसलो असतो. पॅकिंग वाईट असतं असं नाही, पण सव्वीस वर्षं काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाला पुठ्ठ्याच्या खोलीत पाठवणं बरं दिसत नाही. तेव्हाच माझा हात छातीवर गेला आणि तो शब्द बाहेर पडला.

कल्पना तशी सोपी होती. एक छोटा प्रोग्राम करायचा. त्यानं दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारायची आणि सर्व्हरनं ओ द्यायची. पाच हाकांना ओ आली नाही की माझ्या मोबाइलवर एसएमएस. मी या प्रोग्रामला राखणदार म्हणायला लागलो. नेट नसलं तरी एसएमएस येतो, म्हणून एसएमएस.

आता, स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा एसएमएस पाठवायला काय लागतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. कंपनीच्या नावानं यंत्राकडून एसएमएस पाठवायचा तर आधी कंपनीची नोंदणी लागते, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग मजकुराची. मजकूर एकदा मंजूर झाला की त्यातला शब्द बदलायचा नाही. मी मजकूर दिला, "सर्व्हर बंद." आठ दिवसांनी नामंजूर, कुणाचा सर्व्हर ते स्पष्ट नाही. मी कंपनीचं नाव घातलं. नामंजूर, ग्राहकाला उद्देशून नाही. मी 'प्रिय ग्राहक' घातलं. तरी नामंजूर, ग्राहकानं संदेश घेण्यास संमती दिल्याचा पुरावा जोडलेला नाही. ग्राहक मीच होतो. मी फोन करून हे तिथल्या बाईंना समजावून सांगितलं. बाई अतिशय गोड बोलल्या आणि म्हणाल्या, सर, मग तर सोपंच आहे, त्यांच्याकडून लिहून घ्या. शेवटी लेटरहेडवर, मी खाली सही करणार बसवराज, हा वर सही केलेल्या बसवराजाकडून वाईट बातमी स्वीकारायला राजीखुशीनं तयार आहे, असं लिहिलं आणि शिक्का मारला. मंजुरी आली. मंजूर झालेला मजकूर असा होता: "प्रिय ग्राहक, आपला सर्व्हर बंद आहे. धन्यवाद. रेवण टेरी टॉवेल्स." पुढच्या काळात माझ्यावर जी जी संकटं आली ती सगळी अशी आभार मानत आली.

मजकूर मिळाला तसा मी राखणदार बसवला. चार दिवसांनी सर्व्हर बंद पडला आणि मला काहीच मेसेज आला नाही. शेठना मात्र संध्याकाळी अमेरिकेतून फोन आला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, दिवाळी कुठं आहे ते.

काय चुकलं ते मला दोन दिवस उमगलं नाही. ते सांगितलं रुद्रप्पाकाकांनी. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्म गेला यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, मुलगी गुलबर्ग्याला दिलेली, त्यामुळं एकटेच असतात. काकू गेल्यापासून सकाळी बरोबर सातला वरच्या गॅलरीतून वाकून ते मला हाक मारतात, "बसू, उठलास काय रे?" मी खालून "उठलो काका" म्हणतो. रविवारीही. दिवाळीच्या पाडव्यालाही. एकदा मला ताप होता, तेव्हा महानंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या वतीनं "उठले" असं सांगून पाहिलं, तर काका म्हणाले, त्यालाच बोलू दे की. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला रोज कुणी उठलास का विचारावं याचा मला राग यायचा, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं.

तर काकांना मी सगळी व्यथा सांगितली. त्यांनी एकच विचारलं, तुझा तो राखणदार बसतो कुटं? म्हटलं, सर्व्हरमध्येच. काका माझ्याकडं वळून म्हणाले,

"म्हंजे घर पडलं तर वरडून सांग म्हनून तू त्याला घरातच बसवलास व्हय?"

माणूस पाचवी शिकलेला.

मग राखणदार घरी आणला. साबणाच्या डबीएवढं एक यंत्र मिळतं, त्यात प्रोग्राम घातला आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं, कारण आमच्या घरात इन्व्हर्टरची लाइन तिथंच आहे. त्यासाठी नेटची दुसरी वायर जिन्यातून आणावी लागली. सोसायटीचे चेअरमन महादेवप्पा यांनी अर्ज मागितला. अर्जात कारण 'नोकरी वाचवणे' असं खरं खरं लिहिलं तर ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावं लागलं असतं, म्हणून 'शैक्षणिक' लिहिलं. सर्व्हरचं मात्र सभेत सगळ्यांना कळलेलंच होतं, त्यामुळं सगळ्यांनी सल्ले दिले. एकानं सर्व्हरला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. दुसऱ्यानं सर्व्हर विकून वहीवर काम करायला सांगितलं. तो माणूस कॉम्प्युटरच्या क्लासचा मालक आहे, म्हणून मी ते जरा गंभीरपणे घेतलं.

पुढच्या मंगळवारी मला सुट्टी होती. मी बाहेरच्या खोलीत दाढी करत होतो आणि मेसेज आला, "प्रिय ग्राहक, आपला सर्व्हर बंद आहे. धन्यवाद." अर्ध्या दाढीनं मी स्कूटर काढली. विजापूर रोडवरून सात रस्ता, तिथं सिग्नलला सगळ्या गावानं माझ्या गालावरचा फेस बघितला, तिथून अक्कलकोट रोड. पस्तीस मिनिटांत पोचलो. गेटवर बिरप्पा वॉचमन उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघत गेट उघडलं. आत सर्व्हर छान चालू. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. सगळे लोक कामात होते आणि मी तिथं अर्धा गाल घेऊन उभा होतो.

घरी येऊन चौकशी केली. महानंदानं खोबऱ्याची चटणी वाटायला मिक्सर लावला होता, आणि मिक्सरला जागा करायला नेटची पिन काढली होती. पाच मिनिटं राखणदाराला सर्व्हर दिसला नाही. पिन परत लागल्यावर त्यानं इमानदारीनं तक्रार पाठवली. त्याचंही चुकलं नव्हतं. स्वतःचे डोळे मिटले की जग बुडालं असं वाटतं, ही खोड माणसातही असते, पण माणसाला ती शोभते. मिक्सर त्या भिंतीवरून हद्दपार झाला. महानंदा चार दिवस पाट्यावर चटणी वाटत होती आणि प्रत्येक वेळी वरवंटा जरा जोरात आपटत होती.

त्याच वेळी मी ठरवलं की एका साक्षीदारावर फाशी द्यायची नाही. तीन राखणदार करायचे. तिघांतले दोघं म्हणाले सर्व्हर बंद, तरच तो बंद. शिवाय तिघांनी एकमेकांवरही लक्ष ठेवायचं. एखादा गप्प झाला तर उरलेल्या दोघांनी मला कळवायचं. कागदावर हे काढलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. तीन घरं, तीन वायरी, तीन वेगळ्या कंपन्यांचं नेट. एक घर जळालं तरी चालेल, असं मी जेवताना म्हणालो, ते महानंदाला आवडलं नाही.

दुसरा राखणदार माझ्या मेहुण्याच्या, सिद्धाप्पाच्या दुकानात बसवला. सात रस्त्याला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिसरा माझ्या बहिणीकडे, जुळे सोलापुरात. धनलक्ष्मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, तिच्याकडं यंत्रांची सवय आहे. सुरुवातीला त्रास झाला. रोज दुपारी दोनला मेसेज यायचा (तो मजकूरही मी मंजूर करून घेतला होता) की राखणदार क्रमांक दोन गप्प आहे, आणि चारला यायचा की तो बोलायला लागला. सिद्धाप्पा दुपारी शटर ओढून, मेन स्विच बंद करून झोपतो. सोलापुरात दुपारी झोपणं हा गुन्हा नाही, पण तो मेन बंद करायचा. मी त्याला म्हटलं, तू झोप, स्विच जागा ठेव. तर म्हणाला, दाजी, मीटर फिरतंय हे माहीत असताना मला झोप लागत नाही. त्याच्या राखणदाराला वेगळी लाइन ओढून दिली तेव्हा कुठं मिटलं, तरी महिनाभर तो मला भेटला की जांभया देऊन दाखवायचा. धनलक्ष्मीच्या यंत्रात मुंग्या गेल्या, कारण तिनं ते गुळाच्या डब्यामागं ठेवलं होतं. तेही झालं. मग मी तिन्ही ठिकाणी स्विचवर लाल चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, "हा स्विच कोणत्याही कारणास्तव बंद करू नये."

कारखान्यातल्या काचेच्या खोलीलाही मी एक पाटी लावली, तिचं कारण वेगळं. वीज गेली की सर्व्हर बॅटरीवर चालतो आणि ती बॅटरी पीं पीं करते. एकदा तो आवाज ऐकवेना म्हणून बिरप्पानं आत जाऊन एक पिन उपटली होती. म्हणून पाटी: "आवाज आला तरी आत जाऊ नये. हुकुमावरून." हुकूम माझाच होता.

आणि मग शांतता झाली. भाद्रपदाचे शेवटचे दिवस, नवरात्राचे आठ दिवस, एकही मेसेज नाही. मोबाइल हातात घ्यावा आणि त्यावर काही नसावं, याच्यासारखं सुख नाही. मी ऑफिसात हळू चालायला लागलो. शेठनी एकदा विचारलं, काय अण्णा, कसं काय? मी नुसता मोबाइल वर करून दाखवला, रिकामा. पुण्याच्या कंपनीचा माणूस दसऱ्यानंतर येणार होता. येऊ दे म्हटलं, चहा पाजू.

खंडेनवमीला कारखाना बंद असतो. पण अमेरिकेला खंडेनवमी नाही, म्हणून सर्व्हर चालू ठेवायचा असं शेठनी बजावलं होतं. मी सकाळी आठलाच गेलो. चालू सर्व्हरलाच हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, वायरमन माउलीला आणि बिरप्पाला सर्व्हर चालू राहील बघा म्हणून सांगितलं आणि घरी आलो. घरी पूजा आटपत आली होती. पाटावर मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, कात्री, विळी, स्कूटरची किल्ली, सगळं झेंडूत बुडालेलं. मी नमस्कार केला. दुपारी होळगी, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, आणि तूप खाल्लं, जरा जास्तच, आणि तीनच्या सुमारास काकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. मोबाइल समोर ठेवला. बघा काका म्हटलं, आज दिवसभरात एक मेसेज नाही. याला म्हणतात बंदोबस्त.

काका सुपारी कातरत होते. ते म्हणाले, शहराच्या पूर्व भागात ते राहायचे तेव्हा घराच्या भिंतीला लागून अठरा माग होते. रात्रंदिवस खडखडाट. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही, आणि घरच्यांना त्या आवाजातच गाढ झोप लागायची. जाग कधी यायची, तर माग थांबला की.

"आवाज चालू हाय तवर जॉबरला काम न्हाई," काका म्हणाले. "गप्प झालं की उठून पळायचं. तुझं उलटंच हाय की. समदं गप्प हाय, आन् तू हसालायस."

मी हसतच होतो. मग थांबलो. तीन राखणदार गप्प होते. सगळं ठीक आहे म्हणून गप्प, की सांगायला कुणी उरलंच नाही म्हणून गप्प? मोबाइलवर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

खाली पळालो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर राखणदार नव्हता. लाल चिकटपट्टी नीट सोडवून बाजूला लावलेली होती. महानंदानं त्याला पाटावर ठेवलं होतं, अगदी मधोमध, मिक्सरच्याही पुढं, झेंडूखाली दिसत नव्हता एवढंच. ती म्हणाली, "अहो, घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र, असं तुम्हीच म्हणता ना. वर्षभर राबायचंय त्याला. पूजेला चालूच ठेवायचं? एक दिवस विश्रांती नको बिचाऱ्याला?"

सिद्धाप्पाला फोन लावला. दाजी, साडेनऊलाच केली पूजा, तुमच्या यंत्राला पहिला मान दिला. धनलक्ष्मीला लावला. तिनं राखणदाराला नवीन रुमालावर बसवलं होतं. म्हणाली, अण्णा, वहिनींना आणि सिद्धाप्पांना मीच सकाळी फोन करून सांगितलं, साडेनऊचा मुहूर्त आहे, चुकवू नका. एकेक करून बंद केले असते तर उरलेल्यांनी ओरडून सांगितलं असतं. पण तिघांनी मुहूर्त साधला. तीन घरं, तीन वायरी, तीन कंपन्यांचं नेट. आणि भिंतीवर कॅलेंडर मात्र तिन्हीकडं एकच. मी आगीचा विचार केला होता, चोराचा केला होता, मुंग्यांचा केला होता. श्रद्धेचा केला नव्हता, कारण मीही सकाळी उठून फूल ठेवायलाच गेलो होतो.

एमआयडीसीत पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. सर्व्हर बंद होता. वरचं झेंडूचं फूल तसंच. माउलीनं नऊच्या पुढं मेन बोर्डाची पूजा केली, आणि चालू बोर्डाला ओलं हळदकुंकू कसं लावायचं म्हणून मेन बंद केला. ते बरोबरच होतं. मग प्रसाद घेऊन गावाकडं गेला, मेन चालू करायचा राहिला. बॅटरी दोन-अडीच तास पीं पीं करत चालली आणि बाराच्या सुमारास संपली. बिरप्पा दाराबाहेर स्टुलावर बसून ते सगळं ऐकत होता. मला म्हणाला, आवाज लई येत हुता, पर तुमची पाटी हुती की.

मेन चालू केला, सर्व्हर चालू केला, हिरवे दिवे लागले. अमेरिकेत अजून पहाट होती. चार तास बंद होता आणि जगात कुणालाही कळलं नव्हतं. माउली बोलणार नव्हता, बिरप्पाला कुणी विचारणार नव्हतं. शेठ सासुरवाडीला विजापूरला. मी खुर्चीत बसलो आणि मला फार हायसं वाटलं. गप्प बसलं की झालं. पुण्याचा माणूस आला असता, चहा पिऊन गेला असता, मी काचेच्या खोलीत राहिलो असतो.

बसल्या बसल्या मात्र ते काकांचं बोलणं काही जाईना. माझ्या राखणदारांनी दिवसभर गप्प राहून मला फसवलं म्हणून मी त्यांच्यावर चिडलो होतो. आणि आता शेठसमोर मी तेच करणार होतो, रिकामा मोबाइल वर करून दाखवणार होतो. मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली. पॅकिंगची खोली डोळ्यांसमोर आली, तिथला पुठ्ठ्याचा वाससुद्धा आला, आणि मी फोन लावला.

सगळं सांगितलं. मुहूर्त, झेंडू, माउली, बिरप्पा आणि माझी पाटी. मग शेठनी विचारलं, मग तुम्हाला कळलं कसं? म्हटलं, वरच्या मजल्यावर एक काका आहेत, पूर्वी जॉबर होते.

"अण्णा," शेठ म्हणाले, "पाच वेळा सर्व्हर बंद पडला. मला तुमच्याकडून कळतंय ते आज पहिल्यांदा." आणि मग म्हणाले, पुण्याच्या माणसाला मी इतक्यात बोलावत नाही. परत असं होणार नाही ना? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, होईल शेठ, पण कळेल.

त्यानंतर मी सगळं उलटं केलं. आता तिन्ही राखणदार रोज सकाळी सातला आणि मग दर दोन तासांनी आपण होऊन मेसेज पाठवतात. मेसेज आला की मी निवांत. नाही आला की उठून पळायचं. त्यासाठी नवीन मजकूर मंजूर करून घ्यावा लागला. मी लिहिलं, "मी जागा आहे." नामंजूर, मी म्हणजे कोण ते स्पष्ट नाही. त्या गोड बाईंनी मला ओळखलं आणि संमतीपत्र यावेळी मेलवरच चालेल म्हणाल्या. आता रोज येतं, "प्रिय ग्राहक, मी जागा आहे. धन्यवाद. रेवण टेरी टॉवेल्स." लागोपाठ तीनदा. महानंदा म्हणते, देवाच्या घंटेसारखं झालंय.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी बेसिनपाशी दात घासत होतो. सात वाजले, तीन मेसेज आले. तिघंही जागे. मी समाधानानं चूळ भरली. तोंड पुसलं. पेपर उघडला. काहीतरी कमी वाटत होतं, ते काय ते ध्यानात येईना. दुसऱ्या पानावर गेलो आणि माझा हात थांबला. वरून हाक आली नव्हती.

चपला न घालता मी जिना चढलो. दोन मजले नाहीत, एकच आहे, पण त्या एका जिन्यात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. चार वर्षं रोज त्या हाकेचा मला राग यायचा. ती ऐकू आली नाही तर काय होईल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका खुर्चीत बसले होते, अंघोळ झालेली, कपाळाला विभूती. समोर स्टुलावर दोन कप चहा, बशीनं झाकलेला. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"सात मिन्टं लागली तुला," काका म्हणाले. "शेठला पाच म्हनलावतास की."

मला इतका राग आला की रडूच यायला लागलं. मी दारातच उभा राहून त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कपावरची बशी काढली.

"चार वर्सं मी तुला उठवालोय असं वाटालंय व्हय तुला?" त्यांनी विचारलं. "तू तर सहालाच उठतोस. खालचा नळ ऐकू येतो की मला."

मी खाली बसलो. चहा गार झाला होता, तो प्यालो. काकांनी विषय बदलला, धनलक्ष्मीची शेंगाचटणी संपत आलीय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला तीन मेसेज आले आणि पाठोपाठ वरून हाक आली, "बसू, उठलास काय रे?" मी गॅलरीत गेलो, वर मान केली आणि म्हटलं, "उठलो काका. तुम्ही?"

चार वर्षांत मी उलट विचारलं नव्हतं.

"जागा हाय की," काका म्हणाले, आणि आत गेले.